चार सिलिंडरचा पिकअप आणि छोटा कँपर: अमेरिकेत पहिल्यांदा ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी

२०२३ पर्यंतच्या टोयोटा टॅकोमात मिळणारं २.७ लिटरचं चार सिलिंडर इंजिन १५९ हॉर्सपॉवरचं होतं आणि कंपनीने त्याला ३,५०० पौंड ओढायची परवानगी दिली होती. फोर्ड मॅव्हरिकला साधी घेतली तर २,००० पौंड, ओढण्याचं पॅकेज घेतलं तर ४,०००. अशा गाडीमागे तेरा ते सोळा फुटी कँपर, म्हणजे आत झोपायची सोय असलेला ट्रेलर, लावता येतो का? येतो, आणि वर्षानुवर्षं येतो. पण नवा माणूस इंजिनाच्या काळजीत असतो आणि अडतं भलतीकडेच. आधी पेलोड संपतो, मग हवा आडवी येते, इंजिनाची पाळी सगळ्यात शेवटी. म्हणून खालचा क्रम विकत घेण्याच्या आधीपासून सुरू होतो. तुम्ही ट्रेलर आधीच घेऊन बसला असाल, तरी पहिली पायरी गाळू नका.

१. गाडीच्या दारावरचं लेबल वाचा

चालकाचं दार उघडा. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं एक लेबल असतं आणि माणसं व सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा तुमच्या गाडीचा पेलोड. जाहिरातीतला किंवा इंटरनेटवरचा आकडा बाजूला ठेवा. त्याच मॉडेलच्या दोन गाड्यांत सनरूफ, फोर-व्हील ड्राइव्ह असल्या गोष्टींमुळे शंभर-दोनशे पौंडांचा फरक सहज पडतो.

ट्रेलरच्या नाकाचं जे वजन हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडावर, टेकतं, ते टंग वेट. तेही या पेलोडमधूनच जातं, आणि गणित चुकतं ते इथे. लेबलवर १,१०० पौंड आहेत असं धरा:

चौघांचं कुटुंब, चालक धरून: ४६०
पिकअपच्या मागे बसवलेलं फायबरचं टोपण: १७०
कूलर, तंबू, सायकली, लाकडं: १५०
बॉल माउंट (हिचमध्ये बसणारा दांडा) आणि त्यावरचा बॉल: २०
ट्रेलरचं टंग वेट: ३१०

झाले १,११०. ट्रेलर जेमतेम २,६०० पौंडांचा, म्हणजे ३,५००च्या कितीतरी आत, तरी गाडी मर्यादेबाहेर गेली. याचं कारण ओढण्याचा आकडा कसा ठरतो त्यात आहे. एसएई जे२८०७ नावाच्या मानकात गाडीत चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, असं धरतात. मागच्या सीटवरची मुलं, कुत्रा आणि तांदळाची पिशवी त्यात नसते.

आणखी दोन आकडे लिहून ठेवा. जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन. हा दाराच्याच दुसऱ्या लेबलवर मागच्या-पुढच्या ॲक्सलच्या मर्यादांसह असतो. जीसीडब्ल्यूआर म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन; हा मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या टोइंग गाइडमध्ये सापडतो. मॅन्युअल उघडलंच आहे तर समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादा दिली आहे का तेही पाहा. बऱ्याच छोट्या पिकअपना ती असते आणि डीलर ती क्वचितच सांगतो.

नव्या गाडीला पहिले ५०० ते १,००० मैल ट्रेलर लावू नका. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

२. ट्रेलर निवडताना

ब्रोशरमधल्या 'ड्राय वेट'वर विसंबू नका. त्यात पाणी नसतं, सामान नसतं, आणि बहुधा बॅटरी, भरलेला प्रोपेन सिलिंडर, डीलरने बसवलेला एसी हेही नसतं. पाण्याचा गॅलन ८.३ पौंडांचा, वीस गॅलनची टाकी भरली की १६७ पौंड. नेहमीचा २० पौंडी प्रोपेन सिलिंडर भरल्यावर ३७ पौंडांच्या आसपास भरतो. २,००० पौंड ड्राय वेटचा कँपर मुक्कामाला निघताना २,६०० च्या पुढे असतो, असंच धरून चाला.

सोपा नियम: ट्रेलरचं भरलेलं वजन तुमच्या ओढण्याच्या आकड्याच्या पाऊण पटीच्या आत ठेवा. ३,५०० ला २,६०० च्या आसपास.

वजनाइतकंच आकाराकडे पाहा. सपाट, उंच नाकाचा चौकोनी कँपर आणि गोलसर फायबरग्लासचा कँपर सारख्याच वजनाचे असले, तरी हायवेवर पहिला गाडीचा दम काढतो. कमी ताकदीच्या गाडीसाठी तीन प्रकार खरोखर जमतात. अश्रूच्या थेंबासारखा टिअरड्रॉप, ज्यात फक्त झोपायचं असतं. पॉप-अप, जो प्रवासात घडी होऊन गाडीच्या मागे लपतो. आणि स्कँपसारखा तेरा फुटी फायबरग्लासचा 'अंडाकृती' कँपर. लहान मुलं असतील आणि पावसाचा भरवसा नसेल तर तिसरा बरा, पण तो जुनाही स्वस्तात मिळत नाही. पॉप-अप स्वस्त मिळतो. मात्र ओला मिटवलात तर घरी येऊन पुन्हा उघडून वाळवावाच लागतो, नाहीतर आठवड्याभरात कापडाला बुरशी.

जुना ट्रेलर पाहायला जाताना टॉर्च आणि जाडसर स्क्रूड्रायव्हर न्या. छताचे कोपरे, खिडक्यांच्या खालची चौकट, दाराजवळची जमीन बोटांनी दाबून पाहा. मऊ लागली तर आत पाणी मुरलं आहे. खाली वाकून चेसिस पाहा: टंगचे दोन दांडे जिथे मुख्य चौकटीला मिळतात तिथल्या वेल्डजवळ भेग किंवा नंतर केलेलं वेल्डिंग दिसतं का? टायरवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर नक्षी कितीही छान असली तरी बदलायचे. ट्रेलरचे टायर झिजून नाही, वयाने जातात. त्याचे पैसे भावातून वजा करून मागा.

३. हिच, बॉल आणि वायरिंग

हिचचे वर्ग असतात. क्लास वन २,००० पौंड ट्रेलर आणि २०० पौंड टंगपर्यंत, क्लास टू ३,५०० आणि ३५० पर्यंत. दोन्हीचं चौकोनी तोंड सव्वा इंचाचं. क्लास थ्रीचं तोंड दोन इंचांचं असतं आणि पिकअपला तोच बसवा, कारण त्याला बॉल माउंट, सायकल रॅक, सगळं सहज मिळतं. पण क्लास थ्री बसवल्याने गाडीची क्षमता वाढत नाही. गाडी, हिच, बॉल माउंट, बॉल, ट्रेलरचा कपलर (नाकावरची बॉलवर बसणारी पकड): यातला सर्वांत लहान आकडा हीच तुमची मर्यादा.

बॉल तीन मापांत येतो: १ ७/८ इंच, २ इंच आणि २ ५/१६ इंच. छोट्या कँपरना बहुधा दोन इंची लागतो. कपलरवर माप कोरलेलं असतं. दोन इंची कपलरमध्ये १ ७/८ चा बॉल बसतो, लॅचही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात ट्रेलर निसटतो. शेजाऱ्याचा उसना बॉल लावताना हे विसरू नका.

बॉलची उंची अशी काढा. ट्रेलर सपाट जमिनीवर लेव्हल करा, जमिनीपासून कपलरच्या आतल्या वरच्या भागापर्यंत मोजा. ही बॉलच्या माथ्याची हवी असलेली उंची. गाडीत नेहमीचं सामान भरून हिचच्या चौकोनी तोंडाच्या आतल्या वरच्या कडेची उंची मोजा. फरकानुसार खाली किंवा वर झुकलेला बॉल माउंट घ्या. माउंटवर माथ्याचा की बैठकीचा 'ड्रॉप' लिहिला आहे ते पाहून बॉलची स्वतःची उंची हिशोबात धरा. ट्रेलर सपाट किंवा नाक किंचित खाली असावं. नाक वर असेल तर टंगवरचं वजन कमी होतं आणि मागची शेपूट हलू लागते.

वायरिंग दोन प्रकारचं. चार पिनांचं चपटं, ज्यात फक्त दिवे. सात पिनांचं गोल, ज्यात दिव्यांसोबत ट्रेलरच्या ब्रेकचा प्रवाह आणि बॅटरी चार्ज करायची तार असते. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर सात पिनांना पर्याय नाही. ट्रेलरचे दिवे मिणमिणतात, डावा इंडिकेटर दिला की दोन्ही लुकलुकतात, असं काही विचित्र दिसलं तर बल्ब बदलत बसू नका. दहातल्या नऊ वेळा पांढरी अर्थिंगची तार चेसिसवर गंजलेली असते. स्क्रू काढा, पॉलिश पेपरने धातू चमकवा, परत घट्ट करा.

४. ट्रेलरचे ब्रेक

कायदा राज्यागणिक बदलतो. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. कॅलिफोर्नियात कँपरसाठी १,५०० पौंडांपासूनच. छोट्या पिकअपने कायद्याची वाट पाहू नये. १,००० पौंडांच्या वर ब्रेक असलेलाच ट्रेलर घ्या. तुमच्या गाडीच्या डिस्क तिच्या स्वतःच्या वजनासाठी बनवलेल्या आहेत, वरचे अडीच हजार पौंड थांबवण्यासाठी नाहीत.

इलेक्ट्रिक ब्रेकना गाडीत ब्रेक कंट्रोलर लागतो. 'टाइम डिलेड' स्वस्त असतो, पण तुम्ही हळू दाबा की जोरात, ठरलेल्या वेगानेच दाब वाढवतो. 'प्रोपोर्शनल' गाडी किती जोरात थांबते ते ओळखून तेवढाच ब्रेक देतो. थोडे पैसे वाचवायला पहिला घेऊ नका. सेटिंगची पद्धत: रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी २५ मैलांनी जा, गाडीचा ब्रेक न दाबता कंट्रोलरचा हाताचा दांडा पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं घासत लॉक होईपर्यंत गेन (ब्रेकचा जोर) वाढवा, मग एक पायरी खाली आणा. ट्रेलर रिकामा असताना केलेली सेटिंग भरल्यावर चालत नाही, पुन्हा करा.

ब्रेकअवे स्विचची छोटी पिन ट्रेलरच्या नाकाजवळ असते. ट्रेलर सुटलाच तर तिची दोरी ताणून पिन निघते आणि ट्रेलरची स्वतःची बॅटरी ब्रेक लावते. दोरी गाडीच्या हिचच्या चौकटीला अडकवा. साखळीला किंवा बॉल माउंटला नको, कारण माउंटच निघाला तर दोरी त्याच्यासोबत जाईल. महिन्यातून एकदा पिन उपटून गाडी हलकेच पुढे घ्या. चाकं अडली पाहिजेत. पिन लगेच परत घाला, नाहीतर बॅटरी उतरते.

५. कागदपत्रं

नेहमीचं बिनव्यावसायिक लायसन्स छोट्या कँपरला पुरतं. कॅनडात ऑंटारिओचं पूर्ण जी लायसन्स ४,६०० किलोपर्यंतच्या ट्रेलरला चालतं. शिवाय हवं:

ट्रेलरचं टायटल (ही घरी ठेवायची चीज) आणि रजिस्ट्रेशन (हे गाडीत)
ट्रेलरची स्वतःची नंबर प्लेट, दिव्यासकट
विम्याचा कागद
जुना घेतला असेल तर बिल ऑफ सेल, ज्यावर व्हीआयएन (वाहनाची ओळख सांगणारा) क्रमांक चौकटीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिलेला

काही राज्यांत हलक्या ट्रेलरला टायटल देतच नाहीत. तिथून घेऊन दुसऱ्या राज्यात नोंदवायचा असेल तर आधी आपल्या डीएमव्हीत (वाहन नोंदणीच्या कार्यालयात) काय चालेल ते विचारा, मग पैसे द्या.

विम्याचा सापळा: ट्रेलर ओढताना दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते बहुधा गाडीच्या पॉलिसीत येतं, पण तुमच्या ट्रेलरची मोडतोड किंवा चोरी येत नाही. त्याला वेगळी पॉलिसी लागते. रोडसाइड असिस्टन्सही तपासा. बऱ्याच साध्या योजना फक्त गाडी उचलून नेतात; ट्रेलर तिथेच रस्त्याकडेला.

६. सामान भरा आणि वजनकाट्यावर जा

टंग वेट ट्रेलरच्या एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के हवं. छोट्या पिकअपसाठी ११-१२ वर थांबा: त्याहून कमी असेल तर ट्रेलर डोलतो, जास्त असेल तर पेलोड खातो आणि पुढची चाकं हलकी होतात. जड वस्तू ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत. मागच्या बंपरला सायकल रॅक लावणं ही सर्वांत लोकप्रिय चूक आहे; ८० पौंडांच्या सायकली ॲक्सलच्या मागे सात फुटांवर टांगल्या की टंगवरचं वजन झपाट्याने उतरतं. सांडपाण्याची टाकी मागे असेल तर ती भरून परतीला निघणं म्हणजे तीच चूक. निघण्यापूर्वी रिकामी करा.

अंदाज पुरे झाला; आता मोजा. हायवेवरच्या बऱ्याच ट्रक स्टॉपना कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. तिथे सलग पट्टे असतात: पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. बटण दाबून 'पहिलं वजन' सांगायचं, किंवा त्यांच्या ॲपवरून करायचं. मग पार्किंगमध्ये ट्रेलर सोडून फक्त गाडी पुन्हा आणायची. चोवीस तासांच्या आत दुसरं वजन बरंच स्वस्त पडतं. पावत्या अशा दिसतील:

ट्रेलरसह: पुढे २,३००, मागे २,५३०, ट्रेलर २,३३०
ट्रेलरविना: पुढे २,४२०, मागे २,१००

ट्रेलरसह गाडीवर ४,८३०, ट्रेलरविना ४,५२०. फरक ३१०, हेच टंग वेट. ट्रेलरचं एकूण वजन २,३३० अधिक ३१०, म्हणजे २,६४०. प्रमाण पावणेबारा टक्के, छान. सगळं मिळून ७,१६०. हे जीसीडब्ल्यूआरच्या आत आहे का ते पाहा. ४,८३० जीव्हीडब्ल्यूआरच्या आणि २,५३० मागच्या ॲक्सलच्या मर्यादेत आहे का? आणखी एक गोष्ट या पावत्यांत दडली आहे. मागच्या ॲक्सलवर ४३० पौंड वाढले, टंग वेटपेक्षा १२० जास्त, आणि तेवढेच पुढून गेले. बॉल मागच्या चाकांच्याही मागे असल्याने गाडीचं नाक उचललं जातं. स्टिअरिंग हलकं लागतं आणि रात्री समोरचे लोक दिवे मारतात, ते यामुळे.

हा फरक फार असेल तर वेट डिस्ट्रिब्युशन हिच नावाचा प्रकार असतो. पण काही छोट्या पिकअपच्या मॅन्युअलमध्ये तो नको म्हटलेला असतो, आणि काही हलक्या ट्रेलरच्या टंगचे दांडे त्याचा ताण सोसत नाहीत. दोन्हीकडून होकार असल्याशिवाय लावू नका.

७. जोडण्याचा क्रम

क्रम दर वेळी तोच ठेवा आणि मधेच कोणी बोलायला आलं तर पहिल्यापासून सुरू करा.

ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा. गाडी मागे आणून बॉल कपलरच्या बरोबर खाली. जॅकने कपलर उतरवा, लॅच लावा, लॅचमध्ये पिन किंवा कुलूप. आता खरी परीक्षा: जॅक उलटा फिरवून ट्रेलरचं नाक वर उचला. बॉलसोबत पिकअपची मागची बाजू एखाद-दोन इंच वर आली, तर कपलर पकडला आहे. कपलर एकटाच वर आला तर लॅच बॉलच्या खाली गेलीच नव्हती. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि तिला सुट्टी नाही.

मग साखळ्या कपलरच्या खालून एकमेकींना छेदून गुणिलेच्या चिन्हासारख्या लावा. कपलर सुटला तर नाक त्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही. वळायला पुरेल एवढी ढिलाई हवी, जमिनीला घासेल एवढी नको. ब्रेकअवेची दोरी, मग वायर. जॅक पूर्ण वर. दिवे, दोन्ही इंडिकेटर, ब्रेक दुसऱ्या माणसाला मागे उभं करून पाहा. ट्रेलरच्या टायरमध्ये थंड असताना बाजूवर लिहिलेला कमाल दाब भरा. गाडीच्या मागच्या टायरना मॅन्युअल ट्रेलरसाठी सांगेल तेवढा. छतावरची झडप बंद, पायरी आत, प्रोपेन बंद. ठोकळे काढा. हे शेवटचं विसरणारे पुष्कळ आहेत.

चाक नुकतंच काढून बसवलं असेल तर नट टॉर्क रेंचने घट्ट करा आणि १०, २५, ५० मैलांवर थांबून पुन्हा तपासा. अर्धा इंची स्टडना साधारण ९० ते १२० फूट-पौंड लागतात.

८. रस्त्यावर

वेग. ताशी ५५ मैलांवरून ६५ वर गेलात की हवेचा विरोध ४० टक्क्यांनी वाढतो. छोट्या इंजिनासाठी ५५ ते ६० हीच सुखाची जागा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५ ची मर्यादा आहे, बाकीचे ७५ ने जात असले तरी. शिवाय ट्रेलरच्या ज्या टायरवर वेगाचं अक्षर नाही, त्यांची मर्यादा ६५ आहे. गाडी एरवी गॅलनला २० देत असेल तर १२ ते १४ धरून पेट्रोलचा हिशोब करा.

चढ. सात हजार पौंडांचं हे लटांबर ६ टक्के चढावर ४५ मैलांनी न्यायला नुसत्या चढासाठी ५० हॉर्सपॉवर लागते. ६५ ने जायचं म्हटलं तर ७३, आणि हवेला लागणारी ताकद तिप्पट. लॉस एंजलिसच्या उत्तरेचा ग्रेपव्हाइन असा ६ टक्क्यांचा आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, तिथे १५९ मधले १०५-११० उरतात. म्हणून उजवी लेन धरा, ४० वर आलात तरी लाजू नका, गरज पडली तर धोक्याचे दिवे लावा. जे२८०७ च्या चाचणीत ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ असतो, आणि तिथे साध्या पिकअपने ताशी ४० च्या खाली न जाणं एवढीच अपेक्षा असते. इंजिन ४,००० आरपीएमला ओरडत असेल तर ओरडू दे, ते त्यासाठीच बनवलेलं आहे. तापतो तो गिअरबॉक्स. जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तिसरा-चौथा, तिसरा-चौथा अशी ये-जा सुरू झाली की तेल तापतं. ओव्हरड्राइव्ह बंद करा किंवा टो-हॉल (ओढतानाचा मोड) लावा आणि एका खालच्या गिअरवर टिकून राहा. डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टमध्ये (गाडीच्या संगणकाला जोडायच्या खाचेत) बसणारा छोटा स्कॅनर बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवतो. २२० फॅरनहाइटपर्यंत निश्चिंत, २५० ला सुरक्षित जागा पाहून थांबा, इंजिन चालू ठेवून न्यूट्रल किंवा पार्कमध्ये.

उतार. आपल्याकडे घाटात सांगतात तेच: ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. इथे एक गिअर आणखी खाली. माथ्यावरच वेग कमी करा, अर्ध्या उतारावर नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. वेग वाढला की ठामपणे दाबून दहा मैल कमी करा, सोडा, थंड होऊ द्या.

डोलणं. मोठा ट्रक शेजारून गेला की ट्रेलर एकदा हलतो, ते ठीक. हलून थांबत नसेल आणि प्रत्येक झोका वाढत असेल तर स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडीचा ब्रेक दाबू नका आणि कंट्रोलरचा हाताचा दांडा दाबा, म्हणजे फक्त ट्रेलर मागे खेचला जातो. झोक्याच्या उलट स्टिअरिंग फिरवायचा मोह होतो. त्यानेच ते वाढतं. मग थांबून कारण शोधा: मागे जास्त सामान, टायरमध्ये कमी हवा, किंवा वेग. घर्षणावर चालणारी स्वे बार मदत करते, पण वजनाची चूक ती झाकते, सुधारत नाही, आणि रिव्हर्स घेताना ती काढावी लागते.

मार्ग. न्यूयॉर्कच्या बहुतेक पार्कवेवर आणि कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलरना बंदी आहे. फोनवरचा नकाशा हे सांगत नाही. न्यू जर्सीहून दक्षिणेला निघणाऱ्यांनी बाल्टिमोर ध्यानात ठेवावं: तिथल्या बंदराखालच्या दोन्ही बोगद्यांतून कँपरचे प्रोपेन सिलिंडर नेता येत नाहीत. मार्च २०२४ मध्ये फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळल्यापासून पूर्वेचा वळसाही नाही, तेव्हा आय-६९५ ची पश्चिमेची बाजू धरा. पेट्रोल भरताना फ्रिज गॅसवर नको. त्यात ज्योत असते.

दर थांब्यावर फेरी मारून चाकांच्या हबजवळ हात न्या. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापलेला असेल तर बेअरिंग जात आहे किंवा ब्रेक घासतो आहे.

९. रिव्हर्स

रिकाम्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी शिका, कँपग्राउंडवर अंधारात नव्हे. हात स्टिअरिंगच्या तळाशी, सहाच्या ठिकाणी ठेवा: हात डावीकडे नेलात की ट्रेलरची शेपूट डावीकडे जाते. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा अवघड असतो, कारण तो पटकन दुमडतो. बारीक बारीक हालचाल करा, बिघडलं की पुढे घेऊन सरळ करा. शक्यतो जागा चालकाच्या बाजूला येईल अशा दिशेने या. मागे उभा राहणारा माणूस तुम्हाला आरशात दिसलाच पाहिजे. 'थांब' ही एकच खूण आधी ठरवून घ्या. हात हलवणं म्हणजे 'ये' की 'थांब' यावरून नवरा-बायकोची भांडणं प्रत्येक कँपग्राउंडवर फुकट पाहायला मिळतात.

१०. मुक्कामावर आणि घरी परतल्यावर

आधी डावी-उजवी लेव्हल, ती चाकाखाली फळ्या घालून. मग ठोकळे, मगच गाडी सोडायची. पुढची-मागची लेव्हल नाकाच्या जॅकने. कोपऱ्यांचे जॅक ट्रेलर स्थिर ठेवायला असतात, उचलायला नाहीत. त्यांनी उचललात तर चौकट वाकते आणि दार लागत नाही.

गाडीत कायम असावं असं: टॉर्क रेंच आणि ट्रेलरच्या नटाचं सॉकेट, हवेचा गेज, छोटा कंप्रेसर, ट्रेलरचं स्वतःचं स्पेअर चाक, बाटली जॅक (ॲक्सलच्या नळीखाली नको, चौकटीखाली लावा), फ्यूज, ग्रीस गन, चार ठोकळे, तीन परावर्तक त्रिकोण, क्लिपने बसणारे रुंद आरसे.

बेअरिंगचं ग्रीस वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांवर बदला, यातलं जे आधी येईल ते. गिअरबॉक्सचं तेल आणि इंजिन ऑइल मॅन्युअलमधल्या 'जड वापरा'च्या वेळापत्रकाने. थंड राज्यात राहत असाल तर पहिल्या गोठणाच्या आधी टाकी, पाण्याचा हीटर आणि नळ्या रिकाम्या करून नळ्यांत आरव्हीसाठीचं गुलाबी अँटिफ्रीझ खेळवा. गाडीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीझ विषारी असतं. ते पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत कधीही घालायचं नाही.